लंडनमधले बंद पडलेले गे बार आणि क्लब लोकांना अजून इतके का आठवतात?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडात 2014 पासून समलिंगी लग्नं होताहेत, ओळखी फोनवरच्या अ‍ॅपवर होतात, मग बंद पडलेल्या बारसाठी लंडनचे लोक अजून का हळहळतात? मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी नोकरीसाठी इथे आलो आणि इथलाच झालो. हळहळणाऱ्यांत मीही आहे, म्हणून लिहितो.

गरज संपली म्हणून हे बार बंद पडले, असं बरेच जण धरून चालतात. ते खरं नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी 2017 मध्ये मोजदाद केली. 2006 साली सव्वाशेच्या आसपास असलेली ठिकाणं तोवर 53 उरली होती. कारणं शोधली तर वाढलेलं भाडं, संपलेले भाडेकरार आणि जुन्याच्या जागी उठणाऱ्या नव्या इमारती हेच पुन्हापुन्हा समोर आलं. चेरिंग क्रॉस रोडवरचं अ‍ॅस्टोरिया हे गाण्या-नाचाचं सभागृह घ्या. शनिवारी रात्री तिथे ‘जी-ए-वाय’ नावाची गे क्लबची रात्र असायची, तरुण पोरांची रांग फुटपाथभर लागायची. 2009 मध्ये क्रॉसरेल या नव्या रेल्वेमार्गाच्या कामासाठी ती इमारतच पाडली.

आता अ‍ॅपचं. अ‍ॅपवर आपण जे शोधतो तेवढंच सापडतं. वय, अंतर, फोटो, झालं. बारमध्ये मात्र जो शोधलाच नव्हता तो माणूस शेजारी येऊन बसायचा, आणि बहुतेक वेळा तोच जास्त कामाचा निघायचा. टफनेल पार्कला डोम नावाच्या हॉलमध्ये ‘क्लब काली’ची रात्र असायची. डीजे रितू यांनी एका सहकारी मैत्रिणीबरोबर 1995 मध्ये ती सुरू केली होती. भांगडा, हिंदी सिनेमाची गाणी, कुणी साडीत, कुणी ऑफिसच्या शर्टात. तिथे मी पहिल्यांदा आपल्याकडचे साठीतले गे पुरुष पाहिले. केस पिकलेले, गुडघे दुखत होते, तरी नाचत होते. तोवर माझ्यासारख्या माणसाचं म्हातारपण कसं असतं, याचं कुठलंही चित्र माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. घरी ते कुणी दाखवणार नव्हतं, आणि पंचविशीतल्या मुलानं ते अ‍ॅपवर शोधलंही नसतं.

आपल्या लोकांसाठी अशी वेगळी रात्र भरवावी लागली, यातच बरंच काही आलं. शहरातल्या सगळ्या गे बारांत काळ्या-सावळ्या माणसांचं सारखंच स्वागत होत नव्हतं, हेही आठवणीत राहायला हवं.

इतिहास मला शिकवला तो बारमधल्या जुन्या गिऱ्हाइकांनी. 1987 च्या जानेवारीत व्हॉक्सहॉलच्या रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न या गे पबवर पोलिसांनी धाड घातली, तेव्हा त्यांच्या हातांत रबरी मोजे होते. एड्सची भीती इतकी होती की आमच्या माणसांना उघड्या हातानं धरायलाही ते तयार नव्हते. विनोदी कलाकार पॉल ओ’ग्रेडी तेव्हा तिथे लिली सॅव्हेज नावाच्या बाईच्या वेशात कार्यक्रम करत असे. या गोष्टी आम्ही त्याच भिंतींना टेकून, ते दिवस काढलेल्यांच्या तोंडून ऐकल्या. टॅव्हर्न अजून उभा आहे. 2015 मध्ये त्याला संरक्षित इमारतीचा दर्जा मिळाला, तोही मागे लागलेल्या गिऱ्हाइकांमुळे.

बायकांच्या जागा त्याआधीच आणि फार गाजावाजा न होता गेल्या. चेल्सीतला हिरव्या दाराचा ‘गेटवेज’ 1985 मध्ये बंद झाला, सोहोतला ‘कँडी बार’ 2014 मध्ये. त्यांच्यासाठी जेवढं रडायला हवं होतं तेवढं कुणी रडलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणि लोक नुसते हळहळत बसले नाहीत. कॅम्डनच्या ‘ब्लॅक कॅप’ या गे पबला एप्रिल 2015 मध्ये कुलूप लागल्यावर दर शनिवारी माणसं त्याच्या दारात येऊन उभी राहायला लागली, पावसातसुद्धा. हॅकनी रोडवरचा ‘जॉइनर्स आर्म्स’ हा पबही त्याच वर्षी गेला होता. तिथे नवी इमारत बांधायची असेल तर आत एलजीबीटी लोकांसाठी जागा ठेवावी लागेल, अशी अट टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलनं 2017 मध्ये बिल्डरला घातली. एका पबच्या आठवणीपायी बांधकामाच्या परवान्यात अट घालावी लागली! तो पब कुणालाच हवा नसता तर हे झालंच नसतं.

तुम्हाला या विषयात खरंच रस असेल तर लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनजवळच्या बिशप्सगेट इन्स्टिट्यूटमध्ये जा. एलजीबीटी इतिहासाचा मोठा संग्रह तिथे आहे. आणि तुमच्या ओळखीत कुणी या बारांत जाणारं असेल, विशेषतः बाई असेल किंवा आपल्याकडची असेल, तर तिला आत्ताच विचारा: कुठे जायचात, दारावर कोण असायचं, कुठली गाणी लागायची, शेवटची बस चुकली की कुणाकडे झोपायचात. ते लिहून काढा, तारखेसकट. जुनी तिकिटं, जाहिरातीचे कागद घरात पडले असतील तर फेकू देऊ नका.