बेकरीच्या पाटीसाठी जुन्या वळणाचा, जाडजूड पण हसरा इंग्रजी फाँट कोणता?

डोळे मिटून 'अमेरिकन टाइपरायटर'चा बोल्ड घ्या. फाँट १९७४चा; न्यूयॉर्कच्या त्या लाल बदामवाल्या लोगोतली अक्षरं याचीच. अक्षरांची पावलं जाड, पण कोपरे गोल. स्मॉल 'आर'च्या टोकाला तर चक्क थेंबासारखा गोळा आहे. त्यामुळे ठसठशीत असूनही अंगावर येत नाही. अशाच जाड पावलांचा 'रॉकवेल' फाँट मला त्यापुढे फारच सरकारी वाटतो.

फुकट हवा असेल तर गूगल फाँट्सवरचा 'आल्फा स्लॅब वन'. मात्र तो इतका जाड की बारीक आकारात 'ए', 'ई'ची पोटं बुजतात. नाव त्यात, दरपत्रक दुसऱ्या कशात तरी.

आणि हो, दोन्हींत देवनागरी नाही. मराठी नावाला 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'बलू' लावा, तोही फुकटच.