लूदिब्रियुम : थट्टा कोणाची, कोणी केलेली?

प्रश्न असा आहे : लॅटिन 'लूदिब्रियुम' म्हणजे उपहास, तर मग रोमन इतिहासकार लिव्हीकडे 'लूदिब्रिओ फ्रात्रिस' असं रूप का येतं? आणि त्यात थट्टा भावाची, की भावाने केलेली?

'उपहास' हा अर्थ बरोबर आहे, पण अपुरा. या शब्दाच्या मुळाशी हसणं नाही, खेळणं आहे : 'लूदेरे' म्हणजे खेळणे. म्हणून लूदिब्रियुम म्हणजे थट्टा, आणि ज्याचा खेळ मांडला जातो तो माणूस किंवा ती वस्तूही. रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्यात, सहाव्या सर्गात, नायक ईनिअस सिबिल या भविष्य सांगणाऱ्या स्त्रीला विनवतो की भविष्य पानांवर लिहू नकोस, वाऱ्याच्या हातची खेळणी होऊन ती उडून जातील. तिथे 'लूदिब्रिया' हे अनेकवचन आहे. तिथे 'उपहास' घालून पाहा, अर्थच लागत नाही.

शब्द नपुंसकलिंगी आहे. षष्ठी 'लूदिब्रिई', चतुर्थी 'लूदिब्रिओ'. ही चतुर्थी फार कामाची. 'मिही लूदिब्रिओ एस्त' यात दोन चतुर्थ्या शेजारी बसल्या आहेत : 'मला' आणि 'थट्टेला'. घाईत वाचलं तर 'माझी थट्टा होते' असं वाटतं, पण अर्थ उलटा आहे : तो माझ्या थट्टेचा विषय आहे, हसणारा मी. दुसऱ्या चतुर्थीचं काम संस्कृत शिकलेल्यांना 'भक्तिर्ज्ञानाय कल्पते' (भक्ती ज्ञानात परिणत होते) या उदाहरणावरून चटकन कळेल. एखादी गोष्ट कशात परिणत होते, ते ती दाखवते. 'लूदिब्रिओ हबेरे'ला तर आपल्याकडे 'थट्टेवारी नेणे' हा तयार वाक्प्रचार आहे.

आता लिव्ही. पहिल्या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात तो सांगतो की जास्त प्रचलित कथेनुसार रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा भाऊ रेमस याने 'लूदिब्रिओ फ्रात्रिस' रोमच्या नव्या तटावरून उडी मारली आणि संतापलेल्या रोम्युलसने त्याला ठार केलं. 'लूदिब्रियुम'ची चतुर्थी आणि अब्लेटिव्ह (साधारण आपल्या तृतीया-पंचमीचं काम करणारी लॅटिन विभक्ती) दिसायला सारखीच. इथे मी अब्लेटिव्ह मानतो, 'थट्टेने' अशा अर्थाची. 'फ्रात्रिस' ही भावाची षष्ठी, आणि 'भावाची थट्टा' मराठीत जशी दुहेरी आहे तशीच लॅटिनमध्येही. संदर्भ मात्र शंका ठेवत नाही. उडी मारणारा रेमस, चिडणारा रोम्युलस. म्हणजे भाऊ थट्टेचं कर्म आहे. मी भाषांतर करताना षष्ठी सोडून सरळ 'भावाला हिणवण्यासाठी' असं लिहीन.