हळदीनं झालं म्हणणाऱ्या काकांबद्दल

सांगली, रविवार संध्याकाळ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारीच मिळालं, निवांत बसायला आजचा दिवस उजाडला. "माझं काय चुकलं?" असं विचारलंयस. चुकलं म्हणावं इतकं मोठं काही नाही. पण खोली गप्प झाली हे तुझ्या ध्यानात आलं. कॅन्सरच्या रुग्णांशी बोलायच्या या नोकरीला लागून तीनच आठवडे झाले असताना ते ध्यानात येणं सोपं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू लिहिलेला प्रसंग मी डोळ्यांसमोर आणून पाहिला. केमोची खोली, सकाळचे अकरा. मार्केट यार्डातले हमालकाका सलाईन लावून बसलेत आणि शेजारच्या खुर्चीवरल्याला सांगतायत, "तीस वर्सं हळदीची पोती वाहिली. रोज सांजचं नवरदेवागत पिवळा हून घरी जायाचो. एवढी हळद लागली, पर लगीन एकदाच झालं. म्हणून चिडली आन् आतड्यात जाऊन बसली." सगळे हसले. तू म्हणालीस, "नाही हं काका, हळदीनं कॅन्सर होतो असं काही नाही." काका म्हणाले, "बरं मॅडम."

हे 'बरं मॅडम' नीट ऐक. आपल्याकडचा माणूस तलाठ्याला, बँकेतल्या साहेबाला, चौकीतल्या हवालदाराला जे म्हणतो ते हे 'बरं'. तो होकार नव्हे. आपलं बोलणं इथं मिटलं, एवढाच त्याचा अर्थ. काकांना हळदीतलं जे कळतं ते तुला-मला सात जन्मांत कळायचं नाही. हळद आतड्यात जाऊन रुसून बसत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

मग ते असं का बोलले? त्यांचा केसपेपर बघ. विडी नाही, तंबाखू नाही, दारू नाही. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे मटण-मासेही नाहीत. अशा माणसाला हा आजार झाला की भोवतालच्यांची फार पंचाईत होते. तंबाखूवाल्याला झाला तर 'भोगा आता' म्हणून मोकळं होता येतं. माळकऱ्याला झाला की पाहुणे समाचाराला येतात, चहा घेतात आणि उंबऱ्यात चपला घालता घालता विचारतात, "तरी पण... पूर्वी कधी वगैरे?" कुणी करणी काढतं, कुणी साडेसाती, कुणी घराचं दक्षिणेकडलं तोंड. दिवसभर दुसऱ्यांनी काढलेली कारणंच ऐकायची, तर आपणही एक काढलेलं काय वाईट? तेही असं, की त्यावर कुणाला वाद घालता येऊ नये. काकांनी तसलं एक शोधून काढलं, आणि तू नेमका त्यावरच वाद घातलास!

मिरजेत मी बावीस वर्षं हे काम केलं. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून या गावाला आजारी माणसांची सवय आहे. जत-आटपाडीकडची माणसं येतात, अथणी-विजापूरची येतात, मराठी-कानडीची खिचडी चालते. पण 'मला का झालं' यावरचे विनोद दोन्ही भाषांत सारखेच. त्यातला माझा सगळ्यात लाडका सांगते.

तासगावकडचे एक द्राक्षवाले होते. ऑपरेशन झालं तेव्हा म्हणाले, "खरड छाटणी झाली." केमो सुरू झाली तेव्हा म्हणाले, "आता दर एकवीस दिवसांनी फवारणी." एकदा राउंडला आलेल्या डॉक्टरांना गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "साहेब, औषध बदलून बदलून मारा. एकच मारत राहिलं की भुरीला सवय हुती." डॉक्टर आधी हसले आणि मग म्हणाले, "तुम्ही बोललात ते अगदी खरं आहे." ते खरंच आहे, भुरी या द्राक्षावरच्या बुरशीसारखी गाठीलाही औषधाची सवय होते. आजार कशानं झाला यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं : "आयुष्यभर बागेवर मारलं, तिनं शेवटी उलटं मारलं."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा त्यांची बायको चहा आणायला खाली गेली होती आणि आवाज जरा उतरला होता. तेव्हा मी पेन खाली ठेवलं. एकच विनोद तिसऱ्यांदा आला आणि ऐकायला दुसरं कुणी नसलं, की तो विनोद राहिलेला नसतो. मी विचारलं, "खरंच तसं वाटतं का तुम्हाला?" बराच वेळ गेला. मग म्हणाले, "माझं जाऊ द्या. आता पोरगा मारतोय."

पाहिलंस, प्रश्न कुठं होता! त्यांना स्वतःच्या कारणाशी देणंघेणं नव्हतं. मी तेव्हा जे सांगितलं तेच तुलाही पुढं सांगावं लागेल : एका माणसाच्या गाठीकडं बोट दाखवून 'ही या औषधानंच आली' असं सहसा कुणाला सांगता येत नाही. शेतातल्या काही औषधांवर संशय आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक २०१५ मध्ये 'बहुधा कारणीभूत' या गटात घातलं गेलं. म्हणून घाबरून बाग मोडायची नाही, पण उघड्या अंगानं फवारायचंही नाही. मग पोराला फोन लावला. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याच्या तोंडावर उभं राहायचं नाही, औषधाच्या हातानं तंबाखू मळायची नाही (मुळात मळायचीच नाही), ते कपडे घरच्या धुण्यात घालायचे नाहीत. अर्धा तास गेला. त्यानंतर ते वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. त्यांना दुसरा विनोद सुचला, पण तो बायकोवर होता, लिहिण्यासारखा नाही.

गटांचं निघालंच आहे तर सांगते, कारण तुझ्या पत्रात 'मोबाइलमुळं झालं' म्हणणाऱ्या पोरालाही तू यादी वाचून दाखवल्याचं लिहिलंयस. कशाकशानं कॅन्सर होऊ शकतो याची ती यादी करते जागतिक आरोग्य संघटनेची ल्यों शहरातली कर्करोग संशोधन संस्था. तिचे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. ही गल्लत शिकलेली माणसंही करतात. मोबाइलच्या लहरी २०११ मध्ये '२ बी', म्हणजे 'कदाचित', या गटात गेल्या. आशियातल्या काही पारंपरिक पद्धतींची भाज्यांची लोणचीही त्याच गटात आहेत. (लगेच आईची कैरीची बरणी बंद करू नकोस.) पासष्ट अंश सेल्सिअसच्या वरचं, तोंड पोळणारं कुठलंही पेय २०१६ पासून 'बहुधा'मध्ये आहे. बशीत ओतून, फुंकर मारून चहा पिणारे आपले म्हातारे शहाणेच म्हणायचे. तंबाखू, सुपारी आणि दारू मात्र थेट पहिल्या गटात. तिथं 'कदाचित' वगैरे काही नाही.

आणि अंदाज चुकण्याचं म्हणशील, तर योहानेस फिबिगर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाला १९२६ चं नोबेल मिळालं. झुरळांतून उंदरांच्या पोटात जाणाऱ्या एका जंतामुळं कॅन्सर होतो, असं त्यानं दाखवलं होतं. पुढं कळलं, ते उंदीर 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावानं खंगलेले होते आणि त्यांच्या पोटातल्या गाठी कॅन्सरच्या नव्हत्याच. नोबेलवाले झुरळावर फसले. आपल्या हमालकाकांनी हळदीचं नाव घेतलं तर एवढं काय बिघडलं?

कुणी खरंच, शांतपणे विचारलं की सांग : शरीरात पेशी सतत स्वतःची नक्कल करत असतात. वहीतून वही उतरवताना कधी एखादा काना सुटतो, कधी वेलांटी चुकते. बहुतेक चुका शरीर खोडून काढतं, एखादी राहून जाते. तंबाखूसारख्या गोष्टी या चुका वाढवतात, पण काहीही न करता झालेल्या चुकाही पुष्कळ असतात. त्यांचा दोष कुणाकडंच जात नाही. माळकऱ्याला हे सांगितलं की त्याचे खांदे सैल पडतात, मी कितीदा पाहिलंय. पण त्यानं विचारल्यावर. आधी नाही.

एक ठिकाण मात्र अवघड. पलूसकडच्या एक आजी होत्या, गालाच्या आतल्या बाजूला जखम. म्हणायच्या, "मशेरी काय मी एकलीच लावते व्हय? सासू नव्वद वर्सं जगली मशेरी लावून. तिच्या वाटणीचा माझ्या पदरात टाकून गेली. जिवंतपणी काय दिलं नाही, मेल्यावर दिलं." बायकांची खोली हसून हसून लोळली. मीही हसले. पण इथं कारण हवेतलं नाही, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. मी तिथं काही बोलले नाही. संध्याकाळी एकटीच त्यांच्याशेजारी टेकले आणि सासू कशी होती ते विचारलं. सासूच्या गोष्टीतच डबी निघाली, बटव्यात, गोधडीखाली. अजून दिवसातून दोनदा चालू होती. 'तुमच्यामुळंच झालं' हे मी उच्चारलं नाही, आजींना ते माहीत होतं. पण शेक (रेडिएशन) चालू असताना तंबाखू चालू राहिली तर जखम लवकर भरत नाही, उपचारांचा गुण कमी येतो आणि नवी गाठ यायची भीती वाढते, एवढं स्पष्ट सांगितलं. डबी माझ्याकडं दिली. तीन दिवसांनी परत मागितली, मग पुन्हा दिली. असंच चालतं ते.

नातेवाइकांच्या विनोदाला मात्र दाद देऊ नकोस. "आमच्या अण्णांना रागामुळं झाला" असं मुलगा हसत सांगतो, तेव्हा अण्णा हसत नसतात, बघ. रागीट स्वभावानं कॅन्सर होतो याला भरवशाचा पुरावा नाही, आणि इथं तू खुशाल मध्ये पडून तसं सांग. कारणावर विनोद करायचा हक्क ज्याच्या हाताला सुई टोचलीय त्याचा.

तोही कुठं करावा याला हिशेब लागतो, हे मी स्वतः पोळून शिकले. मला स्तनाचा झाला तेव्हा शेजारणीला म्हणाले, "बावीस वर्षं त्यांच्यात बसले, शेवटी लागलाच." मला वाटलं, चांगला जमला. त्या दिवाळीत मी पाठवलेलं फराळाचं ताट झाकणासकट तसंच त्यांच्या धुणीवाल्या मावशींकडं गेलं. मावशींनीच सांगितलं मला, चकली छान झालीय म्हणून. कॅन्सर असा लागत नाही, हे त्या बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण माझ्या विनोदानं त्यांच्या आतल्या भीतीला आयतं निमित्त दिलं. केमोच्या खोलीत हेच वाक्य टाकलं तेव्हा एका ट्रकड्रायव्हरनं लगेच विचारलं, "मॅडम, मग कुणाचा घेतलाय? बघून घ्यायचा की जरा!" केसं गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

काकांच्या केमोची पुढची फेरी बुधवारी आहे, असं तू लिहिलंयस. माफी वगैरे मागायला जाऊ नकोस, ते आणखी अवघडतील. केसपेपर न घेता जा आणि हळदीचा सौदा कसा होतो ते विचार. व्यापारी आणि अडते रुमालाखाली बोटं दाबून भाव कसा ठरवायचे ते त्यांना सांगू दे, त्यात तुझा तास जाईल. खायला काही न्यायचं असेल तर भडंग नको, या औषधानं त्यांच्या तोंडात फोड आले असतील. साधे चुरमुरे ने, तिखट-मीठ न लावलेले. पांढरे फेक चुरमुरे बघून ते काहीतरी बोलतीलच, "मॅडम, हळद घालायला भ्यालात व्हय?"

तुझी,
ताई