म.स. यूनिव्हर्सिटीच्या टीमा फॉलो करायच्या असतील तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे. तुम्ही म्हणताय लेक यंदा बडोद्याच्या म.स. म्हणजे महाराजा सयाजीराव यूनिव्हर्सिटीत कॉमर्सला गेली, खो-खोच्या सिलेक्शनला नाव दिलंय, तुम्हाला टीमचे सामने पण बघायचेत आणि जुना इतिहास पण हवाय, आणि नेटवर शोधलं तर बडोदा म्हटलं की नुसतं क्रिकेट येतं. सासूबाई ऐंशीच्या दशकात इथेच आर्ट्सला होत्या हेही लिहिलंत, ते लक्षात ठेवलंय, शेवटी त्यांच्याकडे एक काम आहे.

मी स्वतः तीन वर्षं यूनिव्हर्सिटीकडून खो-खो खेळले, १९८३ ते ८६. त्यानंतर लग्न, नोकरी सगळं इथेच झालं, त्यामुळे मैदान कधी सुटलं नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. यूनिव्हर्सिटीची टीम दरवर्षी नव्याने बनते. रणजीची टीम किंवा एखादा क्लब असतो तसं नाही की तेच चेहरे पाच-दहा वर्षं दिसतील. इथे वयाची अट आहे, शिक्षणाची अट आहे, पोरगी टीवायला गेली आणि पास झाली की बहुतेक वेळा संपलंच. त्यामुळे फॉलो करायचं म्हणजे डिसेंबरात एकदा रिझल्ट बघून उपयोग नाही, सुरुवात खालून करावी लागते, इंटर-फॅकल्टीपासून. आपली यूनिव्हर्सिटी मुळात एका शहरातली, पंजाबात किंवा महाराष्ट्रात जशी एकेका विद्यापीठाला शेकडो कॉलेजं जोडलेली असतात तसं आपल्याकडे नाही, म्हणून इथे इंटर-कॉलेजच्या जागी इंटर-फॅकल्टी होते. कॉमर्स, आर्ट्स, सायन्स, टेक्नॉलॉजी, लॉ, पॉलिटेक्निक अशा टीमा एकमेकींशी भिडतात आणि त्यातून कॅम्पसाठी मुली निवडतात. पाऊस ओसरला की जिमखान्याच्या नोटीस बोर्डावर तारखा लागतात. फोन करून चौकशी केली तर अर्धवट माहिती मिळते, स्वतः जा आणि तिथल्या पटावाळ्या भाईंना, म्हणजे शिपायांना, विचारा, कोणतं मैदान आणि किती वाजता हे त्यांना सगळ्यात आधी ठाऊक असतं.

पुढचा टप्पा वेस्ट झोन. हे सामने असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज म्हणजे ए.आय.यू. घेते, कोणता खेळ कोणत्या विद्यापीठात आणि कधी याचं कॅलेंडर ते दरवर्षी काढतात, तेवढं सेव्ह करून ठेवा. आपल्या झोनमध्ये गुजरातबरोबर महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश येतात. म्हणजे खो-खोत आपली गाठ पुणे, मुंबई, कोल्हापूर, संभाजीनगर यांच्याशी. माझ्या मते खो-खोसाठी देशातला सगळ्यात कठीण झोन हाच, कारण महाराष्ट्रात गल्लीगल्लीत पोरं लहानपणापासून पाटीवर बसलेली असतात. आणि सुरुवातीच्या फेऱ्या नॉकआउट असतात, रात्रभर ट्रेनमध्ये बसून जायचं, सकाळी पहिलाच सामना तगड्या टीमशी पडला तर दुपारी परतीची तिकिटं शोधायची. आमचं ८४ साली अगदी असंच झालं. एका गुणाने हरलो, मी शेवटच्या तुकडीत पळत होते आणि खांबाजवळ फसले. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ आली, बडोदा पराभूत. कोण किती वेळ पळालं, कोणी किती गडी टिपले, काही नाही. त्या सामन्यात आमच्या एका मुलीने चार मिनिटांच्या वर नुसती साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी, पळून समोरच्यांना दमवलं होतं, ते फक्त आम्हा बारा जणींना माहीत आहे. मला आजही त्याचं फार वाईट वाटतं.

झोनमधून पहिले चार ऑल इंडियाला जातात. त्याच्या पुढे २०२० पासून खेलो इंडिया यूनिव्हर्सिटी गेम्स सुरू झाल्यात, पहिल्या भुवनेश्वरला झाल्या. सगळ्या खेळांतली कामगिरी मिळून सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी मिळते, ती १९५६-५७ पासून आहे. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने ती वीसहून जास्त वेळा नेलीय. आपली तुलना त्यांच्याशी करू नका, मुलं निवडायचा पसाराच वेगळा आहे.

आता इतिहास. क्रिकेटचं आधी उरकते कारण त्यात फार गल्लत होते. मोतीबागचं मैदान, विजय हजारे आणि गुल महंमद यांची १९४७ ची ५७७ ची भागी, पाच रणजी विजेतेपदं, हे सगळं बडोद्याच्या रणजी टीमचं आहे, यूनिव्हर्सिटीचं नाही. विद्यापीठांच्या क्रिकेटला रोहिंटन बारिया ट्रॉफी, ती १९३५-३६ पासून. आपली यूनिव्हर्सिटी झाली १९४९ साली. त्याआधी आपलं बडोदा कॉलेज, तेच १८८१ चं मोठ्या घुमटाचं, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. म्हणजे १९४९ च्या आधी इथला एखादा मुलगा विद्यापीठाकडून खेळला असेल तर त्याचं नाव बडोद्याखाली सापडणारच नाही, मुंबईखाली शोधावं लागेल. हे न कळल्यामुळे मी दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी शोधत बसले होते. आणि पुणे, गुजरात ही विद्यापीठंही १९४९ चीच, म्हणजे तोपर्यंत एका टीमसाठी झगडणारी कॉलेजं अचानक एकमेकांविरुद्ध उभी राहिली, जुन्या लोकांच्या बोलण्यातली पुणे-बडोदा चुरस तिथून सुरू होते.

खो-खो, कबड्डी, मल्लखांब यांची मुळं तर यूनिव्हर्सिटीच्या बाहेर, व्यायामशाळांत आहेत. प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर आणि हिंद विजय जिमखाना ही दोन नावं धरून ठेवा. हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली बडोद्यात कबड्डीची अखिल भारतीय स्पर्धा घेतली होती, तेव्हा तर यूनिव्हर्सिटीचा पत्ताही नव्हता. आमच्या टीममधल्या निम्म्या मुली घराजवळच्या व्यायामशाळेतूनच आलेल्या, कॉलेजात येऊन खो-खो शिकलेली एखादीच. म्हणून तुम्ही नुसते यूनिव्हर्सिटीचे कागद चाळलेत तर गोष्ट अर्ध्यातून सुरू होईल. मुजुमदारांनी बडोद्यातून काढलेला व्यायाम ज्ञानकोश कुठे बघायला मिळाला तर जरूर बघा. बाकी यूनिव्हर्सिटीची हंसा मेहता लायब्ररी आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, दोन्हीकडे वार्षिक अहवाल आणि जुने गुजराती पेपर यासाठी विचारा.

आणि इथे खरी अडचण येते, मुलींची नावं. मुलगा १९७० साली खेळला तर आजही त्याच नावाने सापडतो. मुलगी माहेरच्या नावाने खेळली, दोन वर्षांत लग्न झालं, काही घरांत तर पहिलं नावही बदललं, मग तिला शोधणार कशी? वर गुजराती पेपरवाले आपली मराठी आडनावं त्यांच्या सवयीने छापायचे, जाधवचं जादव व्हायचं, आणि जादव म्हणजे तिथे वेगळंच घराणं. मी एका सीनियर खेळाडूला सहा वर्षं शोधत होते, ती निघाली माझ्याच भिशीतल्या एका काकूंची मोठी जाऊ, कारेलीबागला राहणारी. तिच्या कपाटात यूनिव्हर्सिटीचा ब्लेझर अजून इस्त्री करून ठेवलेला, खिशावरचं चिन्ह जसंच्या तसं. नातवंडांना माहीतही नव्हतं. म्हणून मी आता वहीत प्रत्येकीची दोन्ही नावं लिहिते, माहेरचं आधी, सासरचं पुढे, आणि फॅकल्टी आणि वर्ष. तुम्हीही तसंच करा, फार उपयोग होतो.

लेकीचे सामने बघायला जाल तेव्हा स्कोअर स्वतः लिहा. अवघड काही नाही. आपली टीम पळत असेल तेव्हा प्रत्येकीची पळतीची वेळ मिनिट-सेकंदात आणि ती कशी बाद झाली, सूर मारून की खांबावर की मैदानाबाहेर गेली. बसलेली असेल तेव्हा कोणी किती गडी टिपले. मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. बसायला जागा खांबाच्या बाजूला घ्या, मधल्या पाटीसमोर बसलात तर खांबावरची झटापट दिसत नाही आणि निम्मे गडी तिथेच जातात. जानेवारी २०२५ च्या दिल्लीच्या वर्ल्ड कपमध्ये आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, तिथे एका गड्याला दोन गुण होते, आमच्या वेळी एक गडी एक गुण असायचा, म्हणून जुना १४-१३ असा स्कोअर दिसला तर सामना रटाळ झाला असं समजू नका, तोच सगळ्यात रंगलेला असतो.

कागदावर लिहिलेलं त्याच रात्री फोटो काढून घरात दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावर आलं त्यात माझी ८३ ते ८६ ची स्कोअरची वही गेली. पानं सुकवली, पंख्याखाली एकेक पसरली, पण शाई सगळी पसरून गेली होती. वाचला फक्त एक टीमचा फोटो, वरच्या कपाटात होता म्हणून.

त्या फोटोसाठीच सासूबाई हव्यात. फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहिलीत पण मागच्या रांगेतल्या डावीकडच्या दोघींच्या जागी नुसतं आर्ट्स असं लिहिलंय, दोघी राखीव होत्या आणि फक्त त्याच वर्षी आल्या, मला चेहरे आठवतात, नावं येत नाहीत. एकीच्या दोन वेण्या आहेत आणि ती डावखुरी होती. सासूबाईंना रविवारी सकाळी वेळ असेल तर मी फोटो घेऊन येते, किंवा त्यांना जमलं तर इंटर-फॅकल्टीच्या पहिल्या दिवशी मैदानावरच भेटू, मी खांबाच्या बाजूला पाण्याचा जग घेऊन बसलेली असते.