घर गहाण, दाद कुणाकडे?

महिनाभरातली निम्मी पत्रं घरकर्जातल्या फसवणुकीची आहेत. बहुतेकांनी आधी चुकीच्या कार्यालयात खेटे घातलेले दिसतात. चार प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही सोलापुरात विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. चार वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नासाठी एकाकडून दोन लाख घेतले, महिना पाच टक्क्यांनी. ‘नुसतं तारण’ म्हणत त्यानं घराचं खरेदीखतच नोंदवून घेतलं. आता घर खाली करा म्हणतो. पोलीस म्हणतात, दिवाणी वाद आहे.

ताई, खरेदीखत नोंदवलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. तुमचा अर्ज जायला हवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. सावकारीचे जिल्हा निबंधक तेच. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली ते चौकशी करतात. व्यवहार खरेदीचा नसून सावकारीचा होता असं ठरलं, तर ते दस्त अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश देऊ शकतात. अर्जाच्या मागची पंधरा वर्षं त्यात धरली जातात, त्यामुळे तुम्ही मुदतीत आहात.

पण सिद्ध काय करणार? घर आजही तुमच्या ताब्यात आहे, वीजबिल आणि घरपट्टी तुम्हीच भरता, दस्तातली किंमत बाजारभावाच्या पासंगालाही पुरत नाही, आणि ‘विकल्यानंतर’ चार वर्षं तुम्ही त्याला दरमहा पैसे देताय. घर विकणारा कधी खरेदीदाराला पैसे देतो का? फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद बँकेतून काढा. रोख दिले असतील तर साक्षीदार शोधा. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती तारणी कर्जावर वर्षाला १५ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. तुम्ही ६० देताय! विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, तेव्हा ‘दिवाणी’ म्हणणाऱ्यांना याच कायद्याचं कलम ३९ दाखवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

प्रश्न : जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. आता दारावर बँकेची ताबा-नोटीस लागली. बिल्डरनं इमारत गहाण टाकली होती म्हणे.

सगळं एका गोष्टीवर अडतं : तुमचा नोंदणीकृत करारनामा आधीचा की गहाण आधीचं? करारानंतर बिल्डरनं बोजा चढवला असेल, तर रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्याच्या कलम ११ नुसार त्यानं तुमच्या हक्काला बाध येत नाही. महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे तक्रार करा. गहाण आधीचं असेल तर प्रकल्पाच्या महारेरा नोंदीत ते दाखवलं होतं का, ते पाहा.

मात्र ताब्याची नोटीस महारेराच्या तक्रारीसाठी थांबत नाही. बँका थकीत कर्जापोटी तारण ताब्यात घेतात तो सरफेसी कायदा. त्याच्या कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अर्ज करावा लागतो. कर्जदार नसलेल्या बाधित माणसालाही तो हक्क आहे. सोलापूरकरांना त्यासाठी पुणं गाठावं लागतं. तुम्हीही घरकर्ज काढलं असेल, तर तुमच्या बँकेच्या वकिलानं दिलेला टायटल सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल मागा. त्यात हा बोजा कसा सुटला, हे मला तरी कोडंच आहे.

प्रश्न : ‘घरकर्ज मंजूर’ असा मेसेज आला. प्रोसेसिंग फी म्हणून १८ हजार पाठवले. आता फोन बंद.

हे वाचत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे अजून पुढच्या खात्यात अडवता येऊ शकतात. मग सायबर पोर्टलवर तक्रार.

प्रश्न : गृहवित्त कंपनीचं कर्ज फेडून पाच महिने झाले, मूळ कागद मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ का?

बँक असती तर हो म्हणालो असतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग लोकपाल. गृहवित्त कंपनीची तक्रार मात्र नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. नियम दोघांनाही एकच. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे, कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. तक्रारीत हा आकडा गुणाकार करून लिहा. कागद लवकर सापडतात, असा माझा बँकेतल्या नोकरीतला अनुभव आहे.

कागद हातात आले तरी मालमत्ता पत्रकावरचा बोजा आपोआप उतरत नाही. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन सिटी सर्व्हे कार्यालयात अर्ज तुम्हालाच करावा लागेल.