वैमानिक मुलीने युनियनपासून लांब राहावं का?

पत्र थोडक्यात असं: "माझी मुलगी 24 वर्षांची, जन्माने अमेरिकन नागरिक. इन्स्ट्रक्टर म्हणून काम करत तिने उड्डाणाचे 1,500 तास भरले आणि अमेरिकेतल्याच एका रीजनल एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून लागली. शिक्षणाचं कर्ज अजून डोक्यावर आहे. रुजू होते न होते तोच कळलं, वैमानिकांच्या कराराची बोलणी अडलीत आणि युनियन संपासाठी मतदान घेणार आहे. मी म्हणते, तू नवीन आहेस, या भानगडीत पडू नकोस. ती म्हणते, मी माझ्या लोकांना सोडणार नाही. दोन आठवडे आम्ही धड बोललेलो नाही. काय करावं?"

ताई,

आधी संपाच्या भीतीबद्दल. मतदानात होकार आला म्हणून दुसऱ्या दिवशी विमानं थांबत नाहीत. तिथले एअरलाइन कर्मचारी 1926 च्या रेल्वे लेबर ॲक्टखाली येतात. 1936 मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. त्यात ठरल्या तारखेला करार फक्त बदलासाठी खुला होतो, नवा होईपर्यंत जुनाच चालतो. बोलणी अडली तर नॅशनल मीडिएशन बोर्ड मध्यस्थी करतं. बोर्डाने हात टेकले, लवादही कोणी नाकारला, की आणखी 30 दिवस थांबायचं आणि मगच संप. त्यातही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून तो लांबवू शकतात. यात महिने, कधी वर्षं जातात. मतदान म्हणजे बोलणीच्या टेबलावर ठेवलेलं वजन.

या वाटेला बगल दिली तर मात्र महागात पडतं. 1999 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी कंपनीने रीनो एअर ही दुसरी विमान कंपनी विकत घेतल्यावरून वाद झाल्यावर एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकल्या. न्यायालयाने परत जायला सांगूनही रजा चालूच राहिल्या, तेव्हा त्यांच्या युनियनला साडेचार कोटी डॉलरहून अधिक दंड झाला. मुलीला हे जरूर सांगा. कोणी सहकारी "उद्या सगळे सिक कॉल करू" म्हणाला तर ती निष्ठा नाही, आणि तिने त्यात पडू नये.

आता मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही संपाला घाबरताय, पण रीजनल वैमानिकाला खरा धोका दुसरीकडून असतो. या कंपन्या युनायटेड एक्सप्रेस, डेल्टा कनेक्शन, अमेरिकन ईगल अशा दुसऱ्याच्या नावाने उडतात. तिकीट मोठी कंपनी विकते, मार्ग तीच ठरवते, आणि कंत्राट संपलं की तेच काम अधिक स्वस्त रीजनलकडे वळवू शकते. वैमानिक याला 'व्हिपसॉ' म्हणतात: एकीकडच्यांना दाखवायचं, बघा, ते कमी घेतात.

2013 मध्ये पीएसए या रीजनल कंपनीच्या वैमानिकांनी सवलती मान्य केल्या आणि नवी विमानं त्यांच्याकडे गेली. पुढच्या वर्षी, तेव्हा अमेरिकन ईगल हेच नाव असलेल्या आणि पुढे एन्व्हॉय झालेल्या रीजनल कंपनीच्या वैमानिकांनी तसाच प्रस्ताव फेटाळला. दोन्हीकडे युनियन एकच: 1931 साली स्थापन झालेली अल्पा ही वैमानिकांची संघटना. मला यात कोणी गद्दार दिसत नाही. प्रत्येक गट आपल्या पोटाचं बघत होता, आणि रचनाच अशी की एकाचं पोट भरताना दुसऱ्याच्या ताटाला धक्का लागतो.

कोमेअर या रीजनल कंपनीचं उदाहरण म्हणूनच मला सोडवत नाही. 2001 मध्ये तिथले वैमानिक 89 दिवस संपावर होते आणि चांगला करार मिळवून परतले. कंपनी डेल्टाच्या मालकीची. 2012 मध्ये डेल्टाने ती बंद केली. संपामुळेच बंद पडली असं म्हणणं अन्यायाचं होईल. मधल्या काळात डेल्टा दिवाळखोरीतून गेली होती आणि 50 आसनी जेट इंधनाच्या खर्चात परवडेनाशी झाली होती. पण त्या वैमानिकांचं पुढे काय झालं ते बघा. या धंद्यात पगार, मार्ग, सुट्ट्या, कॅप्टनपद, सगळं सीनियॉरिटी नंबरावर ठरतं, आणि तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. 15 वर्षांचा कॅप्टनही नव्या ठिकाणी यादीच्या तळाशी उभा राहतो.

म्हणून तुमची लेक "माझे लोक" म्हणते ते नुसतं तरुण रक्त नाही. एकट्या वैमानिकाला पगाराची घासाघीस करता येत नाही. करार सगळ्यांचा एकच. शिवाय युनियन फक्त पगाराचं बघत नाही. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोलगन एअर या रीजनल कंपनीचं विमान पडून 50 जण गेले. त्यातली फर्स्ट ऑफिसर ड्युटीसाठी सिॲटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला पोचली होती. रीजनल वैमानिकांचा तुटपुंजा पगार आणि थकवा देशाला तेव्हा दिसला. तुमच्या मुलीने भरलेले 1,500 तास त्या अपघातानंतरच्या कायद्यातूनच आले. मृतांची कुटुंबं आणि वैमानिक संघटना मागे लागल्या नसत्या, तर ड्युटी आणि विश्रांतीचे आजचे नियमही इतक्या लवकर झाले नसते.

तेव्हा तिने सदस्य व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सदस्य नसणाऱ्याकडूनही अनेक करारांत शुल्क घेतात, पण करारावर मत देता येत नाही. पैसे द्यायचे आणि तोंड बंद ठेवायचं, हा वाईट सौदा.

पण पहिलं वर्ष जपून. प्रोबेशनवर असताना नोकरीवरून काढलं तर बहुतेक करारांत दाद मागता येत नाही. तिने सभांना जावं, करार पहिल्या पानापासून वाचावा, मत द्यावं, सोशल मीडियावर कंपनीबद्दल एक ओळही लिहू नये. आणि कायदेशीर संप झालाच, तर तो मोडून विमान उडवू नये. 1983 च्या कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या संपात ज्यांनी उडवलं त्यांची नावं वैमानिकांनी याद्या करून जपली, आणि कित्येकांना पुढे दशकानुदशकं दुसऱ्यांच्या कॉकपिटमध्ये जम्पसीट, म्हणजे प्रवासासाठी मिळणारी जादा बैठक, नाकारली गेली.

कर्जाची तुमची काळजी मात्र रास्त आहे. संपात पगार बंद होतो, युनियनच्या निधीतून मिळालं तरी ते पगाराएवढं नसतं, आणि कंपनी संपकऱ्यांच्या जागी कायमची माणसंही घेऊ शकते. म्हणून ओव्हरटाइमवर नाही, महिन्याच्या हमी तासांच्या पगारावर घर चालवायला शिकावं. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत गाडी बदलू नये. रुजू होताना बोनस घेतला असेल तर तो कधी परत मागितला जाऊ शकतो, ते कलम तुम्ही दोघींनी एकत्र वाचा. लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, रोज नीट ठेवावं आणि मोठ्या एअरलाइन्सचे अर्ज अद्ययावत. सहकाऱ्यांशी निष्ठा म्हणजे एकाच कंपनीत अडकून राहणं नव्हे.

फोन तुम्हीच करा, ताई. संपाचा विषय काढू नका. विचारा, तुझा सीनियॉरिटी नंबर किती आहे आणि तुझ्या पुढे कितीजण आहेत? ती सांगू लागली की मधे न बोलता ऐका. तिच्या कामाबद्दल तुम्ही तिला बहुधा पहिल्यांदाच असं काही विचारत असाल.

— तुमची समुपदेशक