ब्रिटिश राजघराण्याचा बालमोरल किल्ला कुणी बांधला? तो सरकारी आहे की खासगी?

खासगी. आणि किल्ला हा शब्द जरा बाजूलाच ठेवा. नावात 'कॅसल' असलं, मनोरे असले, तरी ना खंदक, ना लढायांचा इतिहास. रायगड-राजगड चढलेल्या माणसाला तो थंड हवेच्या ठिकाणचा अवाढव्य बंगलाच वाटतो. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून बसने गेलो तेव्हा मला तरी तसंच वाटलं.

गोष्ट सुरू होते पावसापासून. १८४७ साली व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा आल्बर्ट स्कॉटलंडच्या पश्चिम भागात सुट्टीला गेले आणि नुसते भिजत बसले. त्याच वेळी राणीच्या डॉक्टरांचा मुलगा पूर्वेकडे, डी नदीकाठच्या बालमोरलला राहत होता आणि इथे छान कोरडी हवा आहे असं वडिलांना कळवत होता. घर होतं सर रॉबर्ट गॉर्डन यांचं, भाडेपट्ट्याने घेतलेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते अचानक वारले. नाश्ता करताना माशाचा काटा घशात अडकला असं सांगतात. (कोकणातल्या माणसाला हे वाचून उगाच वाईट वाटतं.) उरलेला भाडेपट्टा राजघराण्याने घेतला, आणि ८ सप्टेंबर १८४८ ला राणी पहिल्यांदा तिथे पोचली.

जागा आवडली, घर मात्र अपुरं पडू लागलं. १८५२ मध्ये आल्बर्टने सगळी इस्टेटच विकत घेतली आणि ॲबर्डीनचा वास्तुविशारद विल्यम स्मिथ याला हाताशी धरून शेजारीच नवं घर काढलं. आराखड्यात स्वतः आल्बर्टचा बराच हात. दगड इस्टेटीवरच्याच खाणीतला, फिकट राखाडी ग्रॅनाइट. १८५३ ला पायाभरणी झाली, १८५६ पर्यंत काम आटोपलं आणि जुनं घर पाडून टाकलं. त्याचा पुढचा दरवाजा होता तिथे हिरवळीत एक दगड बसवलाय. लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात; मी तिथेच सर्वांत जास्त वेळ उभा होतो.

१८६१ ला आल्बर्ट गेला. मग राणी तिथे महिनोन्महिने राहू लागली आणि मंत्र्यांना लंडनहून एवढ्या लांब हेलपाटे पडू लागले. त्यातून राणीला उकाडा सोसत नसे, त्यामुळे पाहुणे घरात बसूनही कुडकुडायचे. आग्र्याहून आलेला तिचा मुन्शी अब्दुल करीम याच्यासाठी तिने इथे एक टुमदार घर बांधून दिलं. 'करीम कॉटेज' हे नाव आजही आहे.

आता मालकीचं. बकिंगहॅम पॅलेस राजपदाबरोबर आपोआप मिळतो, बालमोरल नाही. म्हणून १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने गादी सोडली तेव्हा पेच झाला: राजा धाकटा भाऊ, पण बालमोरल आणि सँड्रिंगहॅम या दुसऱ्या खासगी इस्टेटीचा मालक थोरलाच! शेवटी सहाव्या जॉर्जला दोन्ही इस्टेटी सख्ख्या भावाकडून पैसे मोजून घ्याव्या लागल्या. भाऊबंदकीचा हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

दुसरी एलिझाबेथ २०२२ मध्ये इथेच वारली. तारीख पुन्हा ८ सप्टेंबर.

जायचं असेल तर तिकडच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला जा. ऑगस्टच्या मध्यानंतर घरचे लोक येतात आणि फाटक बंद होतं. पूर्वी आतली फक्त नाचाची मोठी खोली बघता यायची. २०२४ पासून आणखी काही खोल्या दाखवायला लागलेत. तिकीट मात्र आधीच काढून ठेवा.